उसाचे बिल आणि अर्थशास्त्राची पदवी

1950 साली नगर जिल्ह्यातल्या लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. शेतकऱ्यांनी भाग घेऊन उभारलेला हा कारखाना. विठ्ठलराव विखे पाटलांनी त्यासाठी गावोगावी फिरून भांडवल गोळा केले होते. अध्यक्षपदी मात्र धनंजयराव गाडगीळ होते. केंब्रिजला शिकलेले, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. साखर कारखान्याच्या अध्यक्षाच्या खुर्चीत अर्थशास्त्राचा प्राध्यापक बसलेला आज नगर जिल्ह्यात कुणी पाहिला, तर तो चकित होईल.

गाडगीळांना हा मुलूख नवा नव्हता. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायद्यांची त्यांनी केलेली पाहणी गोखले संस्थेने 1948 मध्ये प्रसिद्ध केली. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले, ऊस वाढला. पण सरकारने कालव्यांवर ओतलेला पैसा पाणीपट्टीतून वसूल होत नसेल, तर कालवे तोट्यात म्हणायचे का? वाढलेले पीक, मजुरीचे जास्तीचे दिवस, बाजारपेठेतली उलाढाल हे सारे कोणत्या खात्यावर मांडायचे? त्याचे उत्तर काढायचे, तर शेतावर जाऊन विचारावे लागते. तशी विचारपूस केलेल्या माणसाला शेतकऱ्यांनी आपल्या कारखान्याचा कारभार सोपवला. पुढे 1967 मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचे सूत्र 1969 पासून त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

या जिल्ह्याला अर्थशास्त्र कळले ते पुस्तकाच्याही आधी, कर्जाच्या कागदातून. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला, सारा वाढला, सावकाराने हात आखडता घेतला. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला उठाव झाला आणि बघता बघता तो पारनेर, श्रीगोंद्याकडे पसरला. शेतकऱ्यांनी माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर राग काढला. कागद हिसकावून घेतले आणि जाळले. त्यातूनच 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. लिव्हरपूलच्या बाजारातला कापसाचा भाव पारनेरच्या रानात कसा पोचतो, हे समजून घ्यायला याहून चांगला धडा सापडणार नाही.

आता आजचा वर्ग पाहावा. संगमनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, शेवगाव अशा तालुक्यांच्या ठिकाणी कला शाखेत अर्थशास्त्र घेणारी मुले-मुली आहेत. बहुतेक शेतकरी घरांतली, कित्येकांच्या घरातली ही पहिलीच पदवी. घरचा प्रश्न एकच असतो: हे शिकून नोकरी कुठली? त्याला ठरलेले उत्तर मिळते, स्पर्धा परीक्षा. भारतीय अर्थव्यवस्थेचा पेपर तिथे असतो हे खरे आहे. पण त्या एका उत्तरापायी तीन वर्षांचा विषय नोट्सपुरता उरतो. मागणीचा नियम पाठ होतो, पण घोडेगावच्या बाजारात कांद्याची आवक वाढली की भाव किती पडतो, हे आठ आठवडे टिपून ठेवायला कुणी सांगत नाही.

नोकरीच्या वाटा एकाहून जास्त आहेत, आणि त्यांच्या अटी मुलांना अकरावीतच कळायला हव्यात. भारतीय आर्थिक सेवा 1961 पासून आहे. तिची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो, पण तिथे बीए पुरत नाही. अर्थशास्त्रातली किंवा त्याच्या शाखेतली पदव्युत्तर पदवी लागते आणि जागाही दरवर्षी मोजक्याच असतात. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातल्या अधिकाऱ्यांनाही एमए लागते. नाबार्ड आहे, सहकारी बँका आणि पतसंस्था आहेत. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात सहायक संशोधन अधिकारी, सांख्यिकी सहायक अशी पदे आहेत. ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ हे पुस्तक या खात्याचेच: पेरणीखालचे क्षेत्र, विहिरी, शाळा, दवाखाने, बँकांच्या ठेवी, बरेचसे तालुकावार. नगरमध्ये अर्थशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच वर्षी ते चाळायला हवे.

या वाटेवरचा खरा अडसर गणिताचा आहे. चांगल्या संस्थांच्या एमएच्या प्रवेश परीक्षा कलन, संभाव्यता आणि संख्याशास्त्रावर भर देतात. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्या हुशार मुलीला हे कळते तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला असते. अकरावी-बारावीला कला शाखेतही गणित घेण्याची सोय मंडळाने ठेवली आहे. ती सांगणारे कुणीतरी मात्र भेटावे लागते. हे न सांगणे हा त्या मुलीवर अन्याय आहे, मग तो नकळत झाला असला तरी.

राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. प्रमुख पिकांचा उत्पादन खर्च काढण्याची केंद्र सरकारची योजना महाराष्ट्रात हेच विद्यापीठ राबवते. योजनेचे क्षेत्रीय कर्मचारी निवडलेल्या गावांत शेतकऱ्यांकडून रोजच्या नोंदी घेतात: बियाणे किती, खत किती, बैल किती तास चालले, बाईमाणसांनी खुरपणीला किती वेळ दिला. या नोंदी कृषी मूल्य आयोगापर्यंत जातात आणि हमीभावाच्या शिफारशीचा त्या एक आधार असतात. हमीभावाच्या भांडणाचे मूळही याच वहीत आहे. खिशातून गेलेला खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी एवढेच धरले तर एक आकडा येतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरले तर दुसरा, आणि तो मोठा असतो. ‘दीडपट भाव’ म्हणजे यांतल्या कशाच्या दीडपट, हे ज्याला कळते त्याला आंदोलनात आणि आयोगासमोर, दोन्हीकडे बोलता येते.

उसाचेही तसेच आहे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे वाढतात. समजा कारखान्याचा उतारा 11.25 टक्के आहे. मग टनाला 3,896 रुपये झाले. पण शेतकऱ्याच्या हातात एवढे येत नाहीत. तोडणी-वाहतूक कापली जाते, आणि हा खर्च कारखान्याच्या सरासरीने कापण्याची पद्धत रूढ आहे. म्हणजे दोन किलोमीटरवरचा शेतकरी चाळीस किलोमीटरवरच्या शेतकऱ्याची वाहतूक सोसतो. हे न्याय्य आहे का? सहकाराच्या तत्त्वात बसते का? गाळपाला ऊस कमी पडत असेल, तर लांबचा ऊस आणणे सगळ्यांच्याच फायद्याचे ठरते का? हा प्रश्न सोडवताना सीमान्त खर्च, अनुदान, मोठ्या प्रमाणाचे फायदे हे सगळे शब्द कामाला येतात, आणि घरातले उसाचे बिल काढून विद्यार्थी तो मांडू शकतो.

हिवरे बाजार या गावाने असाच हिशेब पाण्याचा मांडला. एमकॉम झालेले पोपटराव पवार 1989 च्या सुमारास सरपंच झाले. गावात पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि उपलब्ध पाण्यावर कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभा ठरवते. उसासारख्या तहानलेल्या पिकाला आणि शेतीसाठीच्या बोअरवेलला गावाने नकार दिला. दुर्मीळ साधन कुणाला, किती आणि कोणत्या नियमाने, हा अर्थशास्त्राचा पहिला प्रश्न या गावाने दरवर्षी उघड बैठकीत सोडवला. गावागावातून असा ताळेबंद मांडायला शिकलेली माणसे लागतील. जलसंधारणाच्या संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, पतसंस्था यांनाही ती लागतात. ही कामे शहरातल्या नोकरीपेक्षा कमी प्रतीची मानू नयेत.

नगरचेच अच्युतराव पटवर्धन अर्थशास्त्रात एमए होऊन बनारसला प्राध्यापक झाले आणि 1932 च्या सुमारास नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरले. गाडगीळांनी गोखले संस्था सांभाळतच कारखान्याचे अध्यक्षपद घेतले आणि पुढे ते नियोजन आयोगात गेले. दोघांपैकी कुणीही या विषयाला परीक्षेच्या चौकटीत कोंडले नाही.

महाविद्यालयांना आज एक संधी चालून आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात आलेल्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. ते श्रेयांक छापील फाइलींवर उडवायचे की खऱ्या पाहणीवर खर्च करायचे, हे विभागप्रमुखांच्या हातात आहे. प्रत्येक वर्गाने एक गाव घ्यावे, वीस खातेदारांचा एका हंगामाचा जमाखर्च विचारावा, समालोचनातल्या आकड्यांशी ताडून पाहावा आणि मराठीत लिहिलेला अहवाल त्याच गावाच्या ग्रामसभेत वाचावा. चुका असतील तर गावकरी तिथल्या तिथे दाखवतील. पाच वर्षांत एकेका तालुक्याकडे स्वतःची अशी पाच गावांची नोंद जमेल, आणि ती तयार करणाऱ्या मुला-मुलींना मुलाखतीत दाखवायला हातात काहीतरी ठोस असेल.