राखण

आमच्या सोसायटीच्या आवारात एक बैठे सभागृह आहे. बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्यांना ते पुरते. संध्याकाळी दहावी-बारावीची मुले तेथे अभ्यासाला बसतात, आणि पावसाळ्यात कोणाचे ना कोणाचे कपडे वाळत असतात. दोन वर्षांपूर्वी एका रात्री तेथून ध्वनिक्षेपकाचा संच आणि दोन पंखे चोरीला गेले. कार्यकारिणीची सभा भरली. रात्रीचा राखणदार झोपला होता असे एकाने सांगितले. तो तापाने फणफणला होता असे दुसऱ्याने. बरीच चर्चा होऊन असे ठरले की राखणदाराचा पगार दरमहा द्यावा लागतो, यंत्राचा खर्च एकदाच करायचा असतो. तेव्हा सभागृहाच्या छताला हालचाल टिपणारा सेन्सर बसवावा आणि राखणदाराला महिनाअखेर मोकळे करावे. त्या ठरावावर आमचीही सही आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

सेन्सर बसवायला आलेला तरुण बोलका होता. शिडीवर उभा राहून त्याने आम्हांला जे समजावून सांगितले ते येथे थोडक्यात देतो, कारण पुढचा सारा विचार त्यावरच उभा आहे. वाटीएवढी ती पांढरी डबी स्वतः काहीच बाहेर सोडत नाही; ती केवळ ग्रहण करते. प्रत्येक उबदार वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघत असतात. माणसाच्या देहातून निघणाऱ्या किरणांचा भर नऊ-दहा मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. डबीच्या तोंडावरचे दुधी प्लास्टिक म्हणजे बारीक बारीक भिंगांची जाळी. ती खालच्या जमिनीचे पाकळ्यांसारखे भाग पाडते. आत उष्णतेला प्रतिसाद देणारे दोन चिमुकले तुकडे एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. सगळी खोली एकदम तापली किंवा निवली तर दोघांचे म्हणणे परस्परांना रद्द करते आणि यंत्र गप्प राहते. पण एखादा उबदार देह एका पाकळीतून दुसरीत सरकला की आधी एक तुकडा बोलतो, मग दुसरा, आणि सायरन वाजतो. भिंतीऐवजी छत का, असे आम्ही विचारले. छतावरून चहूकडे दिसते, कपाटाआड दडेल असा कोपरा राहत नाही आणि जाता-येता कोणी त्यावर कागद चिकटवू शकत नाही, असे तो म्हणाला. फिरत्या पंख्यांनी यंत्र फसू नये म्हणून त्याने जागा दोनदा बदलली.

यंत्राच्या दोन मर्यादाही त्याने प्रामाणिकपणे सांगितल्या. माणूस अगदी निश्चल बसला तर यंत्राच्या लेखी तो तेथे नसतोच. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, बंद खोलीची फरशी रात्रीही अंगाइतकीच तापलेली असते; अशा वेळी देह आणि जमीन यांतला फरकच उरत नाही, आणि साधा सेन्सर जवळजवळ आंधळा होतो. म्हणजे हे यंत्र माणूस पाहत नाही. ते ऊब पाहते. तीही हलली तर, आणि भोवताल तिच्याहून निराळा असला तर.

मग त्याने विचारले, रोज किती वाजता चालू करायचे? प्रश्न साधा होता. आम्ही अकरा ठरवले. त्याचा अर्थ मात्र आमच्या ध्यानात फार उशिरा आला. अकरा वाजून एका मिनिटाने त्या चार भिंतींत जो कोणी असेल तो चोर, असा निकाल आम्ही चहा पिता पिता देऊन टाकला होता. त्याचा पुढचा प्रश्न अधिक अडचणीचा निघाला. सायरन वाजला की फोन कोणाकोणाला जावा? चोवीस कुटुंबांच्या सभेत शांतता पसरली. एकाला रक्तदाबाचा त्रास, दुसऱ्याची वाळूजला रात्रपाळी, तिसऱ्याने थेट पोलिसांचाच नंबर द्या म्हणून सुचवले. शेवटी चिटणीसांचा आणि आमचा असे दोन नंबर लिहिले गेले. पहारा हवा होता सगळ्यांनाच, जाग कोणालाच नको होती.

आपण कोणावरही संशय घ्यावा काय, हा प्रश्न ख्रिस्ती विचारपरंपरेला नवा नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा’मध्ये तो फार बारकाईने हाताळला आहे. पुरावा संदिग्ध असेल तर माणसाविषयी चांगलेच मत धरावे, असे ते सांगतात. वाईट माणसाला चांगले समजून आपण पुष्कळदा फसलो तरी चालेल, पण चांगल्या माणसाला वाईट समजण्याची चूक क्वचितही होणे त्याहून वाईट, अशी त्यांची भूमिका आहे. मग दाराला कुलूप लावणे हा शेजाऱ्याचा अपमान ठरतो काय? तेथेच ते एक सूक्ष्म भेद करतात. एखाद्या अनिष्टावर उपाय योजताना वाईटात वाईट गृहीत धरणे योग्यच असते, कारण मोठ्या संकटाला पुरेल तो उपाय लहानालाही पुरतो. मात्र असे गृहीत धरणे वेगळे आणि अमुक माणूस वाईट आहे असा निर्णय देणे वेगळे. कुलूप कोणाला चोर म्हणत नाही. कोणीतरी चोर असू शकेल, एवढेच ते धरून चालते.

हा भेद आम्हांला पटतो, आणि त्याच्या आधारे आम्ही सेन्सरचे समर्थनही करू शकतो. शंका येते ती पुढे. गृहीत आणि निर्णय यांच्यामधली रेषा कोण सांभाळतो? राखणदारही अंधारात हलणारी आकृती दिसली की वाईटच धरून चालतो. पण तो कंदील किंवा बॅटरी वर करतो, तोंड पाहतो, नाव विचारतो आणि आपले गृहीत मागे घेतो. यंत्रापाशी ही दुसरी पायरी नाही. ती आपण चढायची असते, आणि आपण तर झोपण्यासाठीच यंत्र आणलेले असते.

आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे ज्या खेड्यांतून शहरात आले, तेथल्या रात्रींना जागल्या माहीत होता. नावातच त्याचे काम होते. दख्खनच्या पुष्कळ गावांत हे काम रामोशी, भिल्ल, महार अशा समाजांकडे परंपरेने असे. चोरी झाली तर राखण करणाऱ्याने चोराचा माग काढावा, माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करावा, आणि माग लागला नाही तर नुकसान भरून द्यावे, अशी रीत होती. ती व्यवस्था न्याय्य होती असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला गावाने शिवेवर ठेवले त्याच्यावरच गावाच्या मालमत्तेची जबाबदारी टाकायची, यातला अन्याय उघड आहे. पण त्या माणसाला गावातला प्रत्येक चेहरा ठाऊक होता, पावलांचा आवाजही ठाऊक होता. रात्री-अपरात्री कोण कोणाच्या दारी का जातो, हे त्याच्या पोटात राही.

याच्या अगदी उलट टोकाची राखण पाहायची तर आमच्या शहरापासून पंधरा किलोमीटरवर दौलताबाद आहे. कातळात खोदलेला तो ‘अंधारी’चा वळणावळणाचा बोगदा आपण सर्वांनी शाळेच्या सहलीत पाहिला आहे. आत शिरलेल्याला दिशा कळू नये, वरच्या तोंडाशी शेगडी पेटवली की धुराने त्याचा जीव घुसमटावा, अशी योजना. आत कोण आहे हे अंधारी विचारत नाही. शत्रू, वाट चुकलेला गुराखी, निरोप घेऊन आलेला आपलाच शिपाई, सगळे तिला सारखे. एवढे करून 1633 साली मोगलांनी तो किल्ला घेतला. बाहेरचे कोट सुरुंगांनी फुटले, आत उपासमार झाली, आणि शेवटी मलिक अंबरचा मुलगा फतेहखान यानेच बालेकिल्ला स्वाधीन केला. ज्या मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजच्या आपल्या शहराचा पाया घातला, त्याच्याच मुलाने. घरातल्या माणसासाठी अंधारीत काहीच योजना नव्हती. असो.

आमच्या सभागृहातही घरातलेच माणूस निघाले.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पहाटे तीनच्या सुमारास सायरन वाजला. काही मिनिटांनी तो आपोआप थांबला आणि आमचा फोन वाजू लागला. आम्ही उठून बसलो. समोरच्या इमारतीत पाच-सहा खिडक्यांत दिवे लागले आणि विझले. चिटणीस जातील असे आम्हांला वाटले. आमचा दिवा लागण्याची वाट पाहत होतो, असे चिटणीसांनी नंतर सांगितले. अशी वीस मिनिटे गेली. गेथसेमनीच्या बागेत शिष्यांना निदान झोप तरी आली होती. आम्ही टक्क जागे होतो.

शेवटी बॅटरी घेऊन खाली उतरलो. आमच्या दुसऱ्या हातात काठी होती.

आत आमच्याच सोसायटीतली एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर सहा-सात वर्षांचा मुलगा, तोंडावर तिचा हात. नवरा पिऊन आला की मारतो. अशा रात्री ती मुलाला घेऊन येथे येऊन पडत असे. दोन वर्षे हे चालले होते. राखणदाराला ठाऊक होते. त्यानेच तिला जास्तीची किल्ली दिली होती आणि उजाडण्यापूर्वी, कोणी पाहण्याआधी, तो बाहेरून दार वाजवून तिला उठवत असे. आमच्यापाशी त्याने यातला एक शब्द कधी काढला नव्हता, अगदी आम्ही त्याला काढून टाकले त्या दिवशीही नाही. सेन्सरची तिला कल्पना होती. पण दुसरी जागा नव्हती. साडेअकराला ती आली तेव्हा तापलेल्या फरशीमुळे यंत्राला ती दिसली नसावी. पुढे तिने खिडक्या उघडल्या, दोघे निपचित पडून राहिली. पहाटेपर्यंत फरशी निवली, आणि मुलगा पाणी प्यायला उठला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या सोसायटीला सगळे माहीत झाले होते.

यंत्राने चूक केली असे कोणीही म्हणणार नाही. कोणीतरी हलले, असे ते म्हणाले, आणि ते खरेच होते. सभेत निरनिराळी मते पडली. नियम सर्वांना सारखा, असे काहींचे म्हणणे. काहींनी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची आठवण दिली. त्या कायद्याने तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे, हे बरोबरच आहे, आणि त्या वाटेने तिला मदत करण्याचे कामही नंतर सुरू झाले. पण रात्री साडेअकराला न्यायालय लांब असते. सभागृह दोन मिनिटांवर असते. एका गृहस्थांनी कॅमेरा बसवण्याची सूचना केली: चेहरा दिसला असता, मग सायरनचा हा गोंधळ झाला नसता. आम्ही विरोध केला. कॅमेऱ्याला पहिल्याच रात्री सारे कळले असते, आणि ज्याच्या मोबाइलवर ते चित्र जाते त्यालाही. कळणे ही राखणदाराची थोरवी नव्हती. कळलेले त्याने सांभाळले.

मराठीत आपण घर राखतो, शेत राखतो. त्याच क्रियापदाने मान राखतो, अब्रू राखतो, गुपित राखतो. इतकी वर्षे हा शब्द वापरताना आम्हांला वाटत होते की पहिले दोन अर्थ खरे आणि उरलेले अलंकारिक. त्या माणसाला महिन्याचा पगार आम्ही पहिल्या अर्थासाठी देत होतो. दुसऱ्याचा पगार त्याने कधी मागितला नाही, म्हणून हिशेबाच्या वहीत तो दिसला नाही, आणि जे वहीत दिसत नव्हते ते ठराव करताना आमच्या मनातही आले नाही. यंत्र स्वस्त पडले ते या हिशेबाने. काइनाने आपल्या भावाच्या राखणीबद्दल देवाला जो उर्मट प्रश्न विचारला, तो आम्ही त्या सभेत अतिशय सभ्य शब्दांत, खर्चाचा तक्ता समोर ठेवून विचारला होता.

चोरी हे लहान दुःख आहे असे मात्र आम्ही मानत नाही. तो ध्वनिक्षेपक चोवीस घरांच्या वर्गणीतून आला होता, आणि त्यांतली काही घरे वर्गणी दोन हप्त्यांत देणारी आहेत. म्हणून सेन्सर काढून टाका, असे आम्ही म्हटले नाही आणि कोणी म्हणाले असते तर मान्य केले नसते. राखणदाराला परत बोलवावे असा ठराव झाला. चिटणीस आणि आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याला एका कारखान्याच्या फाटकावर काम मिळाले होते. त्याने चहा दिला. ती बाई कशी आहे, एवढेच विचारले. नोकरीबद्दल तो काही बोलला नाही आणि आम्हांलाही पुन्हा विषय काढवला नाही.

डबी अजून छताला आहे. फरक एवढाच केला आहे की ती घड्याळाप्रमाणे आपोआप चालू होत नाही. चोवीस घरांची पाळी लावली आहे. ज्याची पाळी असेल त्याने अकराला सभागृहात जायचे, दिवा लावायचा, कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन विचारायचे: कोणी आहे का? उत्तर आले नाही तर यंत्र चालू करून घरी यायचे. उत्तर आले तर त्या रात्री यंत्र बंद ठेवायचे, दिवा मालवायचा, आणि वहीत फक्त ‘बंद’ एवढेच लिहायचे. दोघांनी पाळी घ्यायला नकार दिला आहे. त्यांची पाळी सध्या आम्ही करतो. वहीत आजवर तीनदा ‘बंद’ लिहिलेले आहे. त्यांतले एक अक्षर आमचे आहे.