दोन नमुन्यांवरून ‘नाही’ म्हणावे का?

1832 साली चार्ल्स डार्विनने अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथे एक भुंगेरा पकडला. डोके आणि छाती निळसर हिरवी, धातूसारखी चमकणारी. मिशा करवतीसारख्या दातेरी. पंखांवरची कवचे इतकी आखूड की पोटाचा बहुतेक भाग उघडाच. रोव्ह बीटल या 60,000हून अधिक जातींच्या कुळातला हा नमुना लंडनच्या संग्रहालयात पोचला आणि तिथेच हरवला. तो पुन्हा सापडल्यावर 2014 साली स्टायलियानोस खात्झिमानोलिस यांनी ‘डार्विनिलस सेडारिसी’ या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेही 12 फेब्रुवारीला, डार्विनच्या वाढदिवशी. मुहूर्त शास्त्रज्ञांनाही लागतो. या जातीचा दुसरा एकच नमुना ठाऊक आहे, 600 किलोमीटरहून दूर असलेल्या रिओ क्वार्तोचा, 1935च्या आधीचा. या पट्ट्यातली बरीच जमीन आता शेतीखाली आहे. त्यामुळे जात नामशेष झाली असावी, असे सहज म्हटले जाते.

ते ‘सहज’ मला खटकते. एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कळते तरी कशाने? भारतीय दर्शनांपैकी भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच बसवले. वाद जुना आहे, पण एक अट दोघांनाही मान्य: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी; हीच ‘योग्यता’. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. रोव्ह बीटल पालापाचोळ्यात, शेणात, कुजक्या बुरशीत, मुंग्यांच्या वारुळाशी राहतात. पाला चाळल्याशिवाय, जमिनीत काठापर्यंत बरण्या पुरून ठेवल्याशिवाय त्यांतले बरेचसे हाती लागतच नाहीत. मग नकाशावरचे दोन ठिपके भुंगेऱ्यापेक्षा संग्राहक कुठे फिरले हेच अधिक सांगतात.

कोणी म्हणेल, अधिवासच गेला, मग अनुमान पुरे. पण अनुमानाला व्याप्ती लागते: हा भुंगेरा नांगरलेल्या रानात किंवा बांधावर तगूच शकत नाही, हे आधी सिद्ध हवे. टाचणीला टोचलेले दोन नमुने ते सांगू शकत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशाने कशालाच कधी ‘नाही’ म्हणता येणार नाही, आणि संशयाच्या आडोशाने जमीन गिळणाऱ्यांचे फावेल. तसे होत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या निकषांनुसार ज्ञात किंवा संभाव्य अधिवासांत, योग्य ऋतूत आणि योग्य वेळी, पूर्वीच्या सगळ्या क्षेत्रात कसून शोध घेऊनही एकही जीव आढळला नाही, तरच जात नामशेष धरतात. मीमांसकांची ‘योग्यता’ ती हीच. म्हणजे ‘नाही’ म्हणता येते, पण त्यासाठी राबावे लागते. आणि फावण्याचेच म्हणाल, तर घाईने उच्चारलेला ‘नाही’च जमीन गिळणाऱ्यांच्या पथ्यावर पडतो; जात गेलीच म्हटल्यावर उरलेले गवताळ तुकडे तिच्यासाठी कोण राखणार? तेव्हा तसा शोध झाल्याचा दाखला पुढे येईपर्यंत डार्विनच्या या भुंगेऱ्याला कोणी नामशेष म्हणू नये.