संगीताची परिभाषा आणि भाषांतरकाराचें इमान

परक्या भाषेंतील शब्द आपल्या भाषेंत आणतांना माणसाचें इमान कोणाशीं असावें, मूळ बोलणाऱ्याशीं कीं पुढें तो शब्द वापरणाऱ्याशीं, हा प्रश्न सामान्यतः काव्याच्या किंवा धर्मग्रंथांच्या भाषांतरासंबंधानें विचारला जातो. परिभाषेच्या बाबतींत तो उद्भवतच नाहीं, तेथें कोश उघडला कीं काम झालें, अशी एक समजूत आहे. निदान संगीताच्या परिभाषेपुरती तरी ती खोटी आहे. संगीतांतील शब्द हें वस्तूचें नुसतें नांव नव्हे. ती गळ्याला, बोटांना व कानाला दिलेली आज्ञा असते. आज्ञा चुकली कीं सूर चुकतो, आणि तो चारचौघांसमक्ष चुकतो. हें नीट दिसावें म्हणून दूरच्या एका लहान भाषेचें उदाहरण घेणें बरें, कारण आपल्या भाषेविषयीं आपण फार लवकर तापतों. तें उदाहरण म्हणजे बाल्टिक समुद्राच्या कांठची लाटव्हियन भाषा. ती मातृभाषा असलेले लोक अवघे पंधरा लाखांच्या आसपास आहेत.

या लोकांस गाण्याचें वेड आहे असें म्हटल्यानें त्यांचा इतिहास अर्धाही सांगून होत नाहीं. क्रिश्यानिस बारोन्स यांनीं १८९४ ते १९१५ या काळांत प्रसिद्ध केलेल्या लोकगीतसंग्रहांत सुमारें २ लाख १८ हजार गीतें आहेत, आणि त्या गीतांच्या चिठ्ठ्या ठेवण्याचें लांकडी कपाट २००१ सालीं युनेस्कोच्या 'जागतिक स्मृति' नोंदवहींत दाखल झालें. स्वतंत्र राज्य १९१८ सालीं झालें. त्याच्या ४५ वर्षें आधीं, १८७३ सालीं, रीगा शहरीं पहिला राष्ट्रीय गीतोत्सव भरलेला होता. जमीनदार जर्मन, पाद्री बहुधा जर्मन, राज्य रशियाचें, अशा स्थितींत ज्यांनीं आपलें अस्तित्व प्रथम गाऊन सांगितलें, त्यांना गाण्याचे शब्द कोठून येतात ही गोष्ट क्षुल्लक कशी वाटावी?

जर्मनांकडून वाद्यें आलीं तीं नांवांसह आलीं. पियानोला 'क्लाविएरेस', मोठ्या आडव्या पियानोला 'फ्लीग्येलिस', आणि वाजविण्याला 'स्पेलेत', ज्याचा दुसरा अर्थ खेळणें. (आपण वाद्य वाजवितों, खेळत नाहीं, या बाबतींत मराठी मला अधिक गंभीर वाटते.) आतां गेलीं कांहीं दशकें लोंढा इंग्रजीचा आहे. जॅझचें 'जेझ्स' झालें, रॉकचें 'रोक्स' झालें, कारण त्या भाषेंत पुल्लिंगी नामाला शेवटीं बहुधा 'स' लागावा लागतो. पाहुण्याला घरचा सदरा घातला, आणि तो घरांत वावरूं लागला. यांत मला कांहींच वावगें दिसत नाहीं. जी वस्तु आपल्याकडे नव्हती तिचें नांव परकें असण्यांत लाज ती कसली?

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती नेमकी जेथें दोन्ही भाषांतील अक्षरें सारखीं दिसतात तेथें आहे. 'सी' या स्वराला षड्ज मानलें, तर इंग्रजी संगीतलेखनांतील 'बी' म्हणजे शुद्ध निषाद. जर्मन वळणाच्या संगीतलेखनांत, आणि लाटव्हियन लेखन त्याच वळणाचें आहे, 'बी' म्हणजे कोमल निषाद. शुद्ध निषादाला तेथें 'एच्' हें अक्षर आहे. भाषांतरकारानें इंग्रजी पुस्तकांतलें 'बी' अक्षर अतिशय निष्ठेनें जसेंच्या तसें उतरून घेतलें, तर वाजविणारा अर्धा स्वर खालीं उतरेल. अक्षराशीं राखलेली ही निष्ठा म्हणजे स्वराशीं केलेली प्रतारणा होय.

दुसरें उदाहरण 'की' या शब्दाचें. इंग्रजींत पियानोवर बोट ठेवावयाची पट्टीही 'की' आणि गाणें ज्या स्वरावर बसविलें तोही 'की'. मराठी वाचकाला याचें नवल वाटणार नाहीं. आपणही 'पट्टी' या एकाच शब्दानें दोन्ही कामें करतों, आणि गवयाला कोणती पट्टी असें विचारलें तर तो 'काळी दोन' किंवा 'पांढरी चार' असें पेटीच्याच भाषेंत उत्तर देतो. लाटव्हियनमध्यें मात्र बोटाखालची पट्टी 'तउस्तिन्श', म्हणजे चांचपण्याची वस्तु, आणि गाण्याची पट्टी 'तोनालिताते'. कुलपाची किल्ली जी 'अत्स्लेगा', ती त्यांच्या संगीतांत आहे खरी, पण ती स्वरलेखनाच्या ओळींच्या आरंभीं काढावयाच्या चिन्हाला लागते. कोशांत पाहून 'की'ला 'अत्स्लेगा' लिहिणारा मनुष्य शब्द बरोबर लिहितो आणि वाद्याच्या बाबतींत साफ चुकतो. अशीच एक बारीक गंमत आणखी आहे. कोणताही स्वर ऐकतांच ओळखणाऱ्याच्या शक्तीला इंग्रजी जें नांव देते तें स्वराच्या उंचीवरून; लाटव्हियनमध्यें, जर्मनाप्रमाणें, तिला 'निरपेक्ष श्रवण' अशा अर्थाचें नांव आहे. एका भाषेनें गुण स्वराकडे टाकला, दुसरीनें कानाकडे.

इथवर प्रश्न बिनचूकपणाचा होता. आतां जें उदाहरण देतों त्यांत मला न्यायाचा प्रश्न दिसतो. देशाच्या पश्चिम भागांत सुइती नांवाचा एक छोटा समाज आहे, चोहोंकडे लूथरपंथी वस्ती असतां कॅथलिक राहिलेला. तेथील बायकांच्या गाण्यांत एकजण गीताचे शब्द पुढें होऊन म्हणते आणि बाकीच्या जणी एकच स्वर न तोडतां लांबवीत राहतात. या परंपरेला २००९ सालीं युनेस्कोनें तातडीनें जपावयाच्या वारशांत स्थान दिलें. इंग्रजींत त्या लांबविलेल्या स्वराला जो शब्द आहे त्याचा दुसरा अर्थ नर मधमाशी, आणि त्याबरोबर एक कंटाळवाणा गुणगुणाट कानांत येतो. विद्वानांच्या ग्रंथांत 'बुर्दोन' हा युरोपभर चालणारा शब्द आहे. पण त्या बायकांना लाटव्हियनमध्यें नांव आहे 'विल्त्सेयास', म्हणजे ओढणाऱ्या. आणि पुढें म्हणणारी ती 'तेइत्सेया', सांगणारी. आपल्याकडे सनईवाल्याच्या मागें बसलेला साथीदार सूर धरतो. त्या सूर ओढतात. ओढण्यांत श्रम आहेत, दोराची कल्पना आहे, जड कांहींतरी पुढें नेत असल्याचा भाव आहे. इंग्रजी पुस्तकावरून आपल्याच गांवच्या गाण्याचें वर्णन परत लाटव्हियनमध्यें आणणारा लेखक जर 'बुर्दोन' लिहून मोकळा झाला, तर त्यानें काय केलें? एका स्वराचें नांव ठेवलें, आणि तो स्वर ओढणाऱ्या बायका वगळल्या.

यावर संशोधक म्हणतील कीं निरनिराळ्या देशांतील गायनाची तुलना करावयाची तर शब्द सर्वांना समान हवा. हें मला मान्य आहे. संशोधनग्रंथांत 'बुर्दोन' सुखानें नांदो. पण जें पुस्तक वाचून मूल तें गाणें गावयास शिकणार, तेथें शब्द ओढणाऱ्यांचाच हवा, कारण 'बुर्दोन' म्हटल्यानें छातींतला श्वास कसा पुरवावा हें कळत नाहीं आणि 'ओढ' म्हटल्यानें कळतें.

मग सगळेंच घरचें कां करूं नये? तसाही मोह होतो. युरिस अलुनान्स यानें १८५६ सालीं परभाषांतील कवितांच्या भाषांतरांचें एक लहानसें पुस्तक काढलें. शेतकऱ्यांची म्हणून हिणविलेली आपली बोली काव्याला समर्थ आहे हें त्याला दाखवावयाचें होतें. आणि हाइनेच्या लोरेलायच्या कवितेंत त्यानें ऱ्हाईन नदीच्या जागीं आपली दउगवा वाहविली. त्या काळीं, त्या हेतूनें, कवितेपुरती ही मोकळीक मी माफ करीन. परिभाषेंत मात्र ती चालणार नाहीं. मराठी बायबलांत दावीदाच्या हातीं वीणा आली. वाचतांना कोणाचें बिघडलें नाहीं, पण वाद्यांच्या कोशांत तीच वीणा लिहिली तर शिकणाऱ्याला भलताच आवाज ऐकूं येईल. लाटव्हियनांचें 'कुओक्ले' हें तारा छेडून वाजविण्याचें जुनें वाद्य त्यांच्या फार जिव्हाळ्याचें आहे, म्हणून इंग्रजींतील प्रत्येक तंतुवाद्याला तेंच नांव देणें हा 'कुओक्ले'चाही अपमान होईल.

माझ्या मतें परका शब्द घेण्यांत दोष नाहीं. घरीं जिवंत शब्द काम करीत असतां त्याच्या डोक्यावरून परका आणून बसविण्यांत आहे. हा नियम लाटव्हियनांनीं एका मोठ्या प्रसंगीं नकळत पाळला. १९८५ सालच्या गीतोत्सवांत, सोव्हिएट अमलाखालीं, यासेप्स वीतोल्स यांचें 'गाइस्मास पिल्स', म्हणजे प्रकाशाचा किल्ला, हें गीत कार्यक्रमांतून वगळलें होतें. गायकवृंदांनीं तें मागून घेतलें आणि हाराल्ड्स मेद्निस यांनीं तें गावविलें. पुढें १९८८ सालीं एस्टोनियांतील हाइन्त्स वाल्क यांनीं बाल्टिक चळवळीला जें नांव दिलें त्याचा अर्थ 'गाणारी क्रांति', आणि इंग्रजींत तेंच रूढ झालें. लाटव्हियनांनीं 'गाणारी' असें शब्दशः भाषांतर केलें नाहीं. त्यांनीं 'द्झिएस्मुओता' हें विशेषण लावलें, म्हणजे गीतांनीं भरलेली. क्रांति गात नव्हती. गात होतीं माणसें, आणि त्यांचीं गाणीं आधींपासूनच तयार होतीं.

आतां तरुण मंडळी सरळ इंग्रजींतच गातात, आणि त्याबद्दल तेथील वडीलधारे कुरकुरतात असें दिसतें. मला त्यांच्यांतल्या एका नामांकित वाद्यवृंदाचें नांव आठवतें. येल्गावा गांवीं १९८९ सालीं निघालेल्या या मंडळींचें नांव 'प्राता वेत्रा', मनांतलें वादळ; अनेकांनीं मिळून भराभर कल्पना सुचविण्याला इंग्रजींत जो शब्द आहे त्याचें हें शब्दशः भाषांतर. २००० सालीं युरोपीय गीतस्पर्धेंत ते इंग्रजींत गायले, तिसरे आले, आणि फलकावर त्यांचें नांव 'ब्रेनस्टॉर्म' असें लागलें होतें. घरीं अद्याप 'प्राता वेत्रा'च म्हणतात.