गादीवरून मातीत परत

मातीत वाढलेल्या मल्लाने गादीवरची कुस्ती शिकावी की नाही, शिकल्याने त्याची मातीतली कुस्ती सुधारते की नाही, हा प्रश्न कोल्हापूरच्या तालमींत जुनाच आहे. आणि ज्या वस्तादांपुढे मी तो पुन्हा मांडला, त्यांच्या दफ्तरी तर तो केव्हाच निकालात निघालेला होता.

"एका विद्येच्या उपासकाने दुसरीचा स्पर्शही होऊ देऊ नये, हा आग्रह मला अनाठायी वाटतो," मी म्हणालो. "१९६२ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धांत गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्णपदक मिळविले, आणि त्या प्रकारात तर कमरेखाली पकड घेण्याचीही मनाई! ज्या मल्लाची सारी जडणघडण पट काढण्यात आणि टांग मारण्यात झाली, त्याने निम्मे शस्त्रागार बाहेर ठेवून परक्या नियमांनी जिंकावे, त्याच स्पर्धांत मारुती माने यांनी मुक्त कुस्तीत सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवावे, यापरता विद्यांच्या परस्परपोषकतेचा दुसरा कोणता दाखला हवा?"

"दाखला उत्तम आहे," वस्ताद म्हणाले, "फक्त तो माझ्या बाजूचा आहे. मातीने गादीला काय दिले ते तुम्ही सांगितलेत. गादीने मातीला काय दिले, हा तुमचा प्रश्न होता."

मी खाशाबा जाधवांची साक्ष काढली. १९४८ साली लंडनला सहावे आलेले खाशाबा १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले, ते परक्या नियमांचा अभ्यास केल्यावाचून का?

"तो फरकही गादीवरच मोजला ना? मग साक्षीदार तोच, फिर्यादही तीच. आता माझी कैफियत ऐका. मातीत माझा पोरगा खाली गेला, की पालथा पडून कोपरे आवळतो, मान आत घेतो आणि वरच्याचा दम सुटायची वाट पाहतो. पाठ टेकत नाही तोवर तो हरलेला नाही. गादीवर नुसता खाली गेला तरी गुण जातो; घड्याळ चालू असते, आणि मागे पडलेल्याला थांबणे परवडत नाही. छाती फुटायची वेळ आली, की या दोहोंतली कोणती सवय वर येईल? अंगाला दोन हुकूम एकदम सुटले, की अंमल एकाचाही होत नाही."

"परंतु प्रसंग ओळखून योग्य तो हुकूम निवडणारा विवेकही अभ्यासाने सिद्ध होतो, असे शास्त्र सांगते."

"मानेवर हात पडला, मास्तर, की सगळ्यांत आधी विवेकच पळतो."

या वाक्याशी मी बराच वेळ अडकून राहिलो. अखेरीस मला जे सुचले, ते हौद्याकडे पाहूनच सुचले. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरविलेल्या त्या तांबड्या मातीची मूठ एका पोराने उचलली, घामाने निसटू लागलेल्या जोडीदाराच्या मनगटावर चोळली आणि पकड पक्की केली. "ही मूठ गादीवर मिळत नाही," मी म्हणालो. "तेथे ओले मनगट निसटणारच, म्हणून निसटण्यापूर्वी आत शिरण्याची वेळ साधावी लागते. ती वेळ साधण्याची विद्या घेऊन जो मातीत उतरेल, त्याच्या हाती मूठही असेल आणि वेळही."

वस्ताद काही वेळ बोलले नाहीत. "हे मान्य," ते म्हणाले. "पण तो उतरेल का? ऑलिंपिक गादीवर, नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र गादीवरचे. तुम्ही पोराला शिकायला पाठवता. तो तिकडेच रुजू होतो. मग सुधारले काय, आणि कोणाचे?"

हा प्रश्न शिक्षणाचा नव्हे, उपजीविकेचा आहे, असे मी म्हणू शकलो असतो. पण खुराकाचा खर्च ज्याच्या बापाला शेत गहाण टाकून भागवावा लागतो, त्या पोरापुढे हे दोन प्रश्न वेगळे काढून ठेवण्याचा अधिकार मला आहे, असे वाटले नाही. सबब, वादाचा जो अंश माझ्या आवाक्यातला, तेवढ्यापुरताच निवाडा देतो: पहिली विद्या अंगात मुरेपर्यंत दुसरीच्या दारात जाऊ नये, मुरल्यावर अवश्य जावे, आणि तेथून काय आणले ते पहिल्याच हौद्यात उतरून दाखवावे. जो परत उतरत नाही, त्याने पदके खुशाल मिळवावीत. आपली मूळ कुस्ती सुधारली, असा दावा मात्र करू नये.