घाम आपला, खिसा मित्राचा

जिममधल्या सात-आठ जणांनी संघ करून धर्मादाय स्पर्धेत उतरायचे, पुशअप्स आणि बर्पीजचे आकडे चढवायचे आणि त्या निमित्ताने ओळखीपाळखीच्यांकडून एखाद्या रुग्णालयासाठी पैसे जमवायचे, ही रीत आता आपल्याकडेही रुळली आहे. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने स्वयंसेवी संस्थांसाठी धावण्याची सवय शहराला लावली. व्यायामशाळा त्याच वाटेने निघाल्या. यावरचा नेहमीचा आक्षेप हेतूचा असतो. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये म्हणणाऱ्यांना छापील टी-शर्ट घालून केलेली सेवा खुपते. मला हा आक्षेप हलका वाटतो. डायलिसिसचे बिल भागले, तर देणाऱ्याला पुण्य हवे होते की फोटो, याने रुग्णाचे काही बिघडत नाही. शिवाय गुप्तदानाचा एक तोटा आहे: ते पाहून दुसरा कोणी देत नाही.

याहून वजनदार आक्षेप घामाचा आहे. २०१६ साली पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली, तेव्हा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव तालुक्यांतली गावे एकमेकांशी चुरशीने श्रमदान करत होती. तिथे खणलेला प्रत्येक चर पाणी अडवतो. जिममधल्या शंभराव्या बर्पीवाचून कोणाचे काही अडत नाही. मग सरळ पैसे का देऊ नयेत? कारण माणूस तसा देत नाही. ऑलिव्होला आणि शफीर या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की मदतनिधीसाठी आरामाची सहल असेल त्यापेक्षा पाच मैलांची दमछाक वाट्याला येणार असेल तर लोक जास्त पैसे द्यायला तयार होतात, आणि काम माणसाच्या दुःखाशी निगडित असेल तर हा कल अधिक ठळक होतो. नवस पायी चालत जाऊन फेडणाऱ्या आपल्या समाजाला हे नवे वाटू नये. घाम थेट कोणाच्या कामी येत नसला, तरी तो पैसा हलवतो.

पण खरी नैतिक अडचण इथेच सुरू होते, कारण घाम एकाचा आणि पैसा बहुधा दुसऱ्याचा असतो. लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंसाठी ऑनलाइन जमलेल्या देणग्यांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा आधीच्यांनी मोठी रक्कम दिलेली दिसली की पुढचाही हात सैल सोडतो, असे आढळले. आयोजकांना यात यश दिसते; मला त्यात गणपतीच्या वर्गणीची पावतीही दिसते, शेजाऱ्याचा आकडा आधीच लिहून दारात पुढे केलेली. जिमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावानिशी रकमांची यादी फिरते, तेव्हा ती चांगली नोकरी असलेला सभासद वाचतो आणि त्याच ग्रुपमधला, तुटपुंज्या पगारावरचा ट्रेनरही वाचतो. ज्यांच्या फीवर त्याचे घर चालते, त्यांना तो नाही कसा म्हणणार? मैत्रीत मागितलेली मदत नाकारता आली पाहिजे. तशी सोय नसेल तर ती वसुली आहे, कारण कितीही चांगले असो.

यावर कोणी म्हणेल, आकडे झाकले तर निधी घटेल आणि भुर्दंड रुग्णाला पडेल. काही प्रमाणात घटेलही. तरी कॅनडाचा टेरी फॉक्स आठवावा. कर्करोगाने पाय गमावलेला हा तरुण १९८० साली कृत्रिम पायावर देशभर धावायला निघाला, तेव्हा त्याने दर कॅनडावासीयामागे एक डॉलर मागितला. १४३ दिवसांनी आजाराने त्याला थांबवले, पण फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४१ लाखांवर डॉलर जमले, म्हणजे जवळपास देशाच्या लोकसंख्येइतके. त्यात मोठ्या देणग्याही होत्या, हे खरे. पण मागणी मात्र कोणालाही परवडेल एवढीच होती, आणि त्याच्या नावाच्या दौडीत आजही विजेते किंवा बक्षिसे नसतात.

जिमच्या संघाला स्पर्धा सोडायची नसेल, तर ती बर्पीजपुरती ठेवावी. जमवलेल्या रकमेची क्रमवारी लावू नये. ट्रेनर आणि सफाई कामगारांकडे हात पसरू नये, आणि संघातल्यांनी आधी आपल्या खिशातून घालावे. प्रवेशशुल्कातला किती भाग पदकांत, टी-शर्टांत आणि मंडपात जातो, हे आयोजकांना नाव नोंदवण्याआधी विचारावे, आणि मिळालेले उत्तर देणगी मागणाऱ्या संदेशातच लिहावे.