शाखामृग

जगात काही प्रश्न असे असतात, की ज्याला ते पडलेले असतात तो सोडून बाकी सगळ्यांना त्यांचं उत्तर ठाऊक असतं. सर्दीवर औषध कोणतं, हा त्यातला पहिला प्रश्न. पोराला इंजिनिअरिंगच्या कोणत्या ब्रँचला घालावं, हा दुसरा. सर्दी निदान आठ दिवसांत आपली आपण जाते. ब्रँच जात नाही. ती चार वर्षं कॉलेजात छळते आणि पुढे लग्नपत्रिकेपर्यंत माणसाच्या नावाला चिकटून राहते.

बारावीचा निकाल लागला, की मृगाच्या किड्यांसारखे सल्लागार जमिनीतून वर येतात. इस्त्रीवाला कपडे मोजता मोजता सांगतो, ''कॉम्प्युटरच घ्या, बाकी सगळं फुकट.'' ज्या काकांनी उभ्या जन्मात घरातला फ्यूज बदलला नाही, ते सांगतात, ''इलेक्ट्रिकलला मरण नाही.'' आणि ज्यांच्या कारकिर्दीत इमारतीची गच्ची तीनदा गळली, ते सोसायटीचे सेक्रेटरी जाहीर करतात, ''सिव्हिलमध्ये आता राम राहिला नाही.''

माझं म्हणाल, तर मी बी. कॉम. या वादात वाणिज्यवाल्याला मत नसतं, आणि असलं तरी कोणी विचारत नाही. शिवाय मी बँकेत. आमच्याकडेही शाखा असतात, पण त्या निवडायची सोय नसते. बदलीचा कागद येतो, माणूस पेट्या बांधतो आणि नव्या शाखेत जाऊन जुन्या शाखेचं कौतुक करत बसतो. त्यामुळे हा सगळा प्रकार मला तिऱ्हाइताच्या नजरेने बघता येतो.

आणि बघण्यासारखाच तो प्रकार आहे. आपल्या राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत मुलाला ३०० पर्यंत पसंतीक्रम भरता येतात. तीनशे! आमच्या घरी ''संध्याकाळी काय करू?'' या प्रश्नाला तीन पर्याय निघाले, तरी त्या दिवशी शेवटी खिचडी होते. आय. आय. टी. आणि एन. आय. टी. च्या सामाईक प्रवेशात तर तीन क्रियापदं आहेत: फ्रीज, स्लाइड आणि फ्लोट. म्हणजे गोठा, सरका किंवा तरंगा. मिळालं त्यात समाधान असेल तर गोठा. कॉलेज हेच, पण शाखा वरची हवी असेल तर सरका. हातातलं धरून ठेवून आणखी कुठेही बरं मिळतंय का बघायचं असेल तर तरंगा. माणसाच्या वृत्तीचं इतकं नेमकं वर्गीकरण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. संतमंडळी पहिल्या प्रकारातली. आपण सगळे तिसऱ्या. एक हात या फांदीवर, डोळे पुढच्या फांदीवर. संस्कृतात माकडाला शाखामृग म्हणतात ते उगीच नाही.

पण हसून झाल्यावर प्रश्न उरतोच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सतरा वर्षांच्या मुलाने पुढच्या चाळीस वर्षांचा निर्णय घ्यावा का? आणि त्याने घ्यायचा नसेल, तर कोणी?

बी. कॉम. ला आम्हाला कायद्याचा पेपर होता. बाकी सगळं विसरलेला माणूससुद्धा त्यातला एक खटला विसरत नाही: मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष, १९०३. कलकत्त्याच्या या धर्मदासाने वयात येण्यापूर्वीच आपल्या मिळकतीचं वीस हजारांचं गहाणखत सावकाराला लिहून दिलं. प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि निकाल लागला, की अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्द. सावकार हात चोळत बसला. १८७२ चा करार कायदा आणि १८७५ चा सज्ञानतेचा कायदा यांचं म्हणणं एवढंच, की अठराच्या आतल्या पोराला कोणी कागदात अडकवू नये. कायद्याच्या मराठीत अशा पोराला 'अज्ञान' म्हणतात. हा अज्ञान बालक साधा मिक्सर हप्त्यावर घेऊ शकत नाही. गिअरची मोटारसायकल चालवू शकत नाही. मत देऊ शकत नाही. १९८९ पर्यंत तर मतासाठी एकविसावं लागावं लागत होतं. पण त्याच बालकाला आपण म्हणतो, ''हा तीनशे ओळींचा फॉर्म घे, आज रात्रीच्या आत आयुष्य भरून टाक.''

यावर वडीलधारे म्हणतात, ''म्हणून तर आम्ही ठरवतो! पोराला काय कळतंय?''

मुद्दा बिनतोड आहे. फक्त वडीलधाऱ्यांना काय कळतं, तेही एकदा बघायला हवं. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ साली निघालं, ते सरकारच्या बांधकाम खात्याला हाताखालची शिकलेली माणसं हवी होती म्हणून. विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन पुण्याला आले, तेही आधी १८८१ मध्ये बी. ए. होऊन. त्यांनी सिव्हिल घेतलं आणि १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणाला स्वतःचे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. त्या काळी इंजिनिअर म्हणजे बहुतेक सिव्हिलच, त्यामुळे घरोघर शांतता होती. पुढे 'ज्याला मरण नाही' अशी शाखा दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेली. वडिलांच्या पिढीत मेकॅनिकल अमर होतं. मग इलेक्ट्रॉनिक्स अमर झालं. २००० सालच्या आगेमागे कॉम्प्युटर अमर होता; मग अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला, तेव्हा तीच मंडळी एका रात्रीत पुन्हा मेकॅनिकलचे गुण गाऊ लागली. आता आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्सची आरती चालू आहे. सल्ला देणाऱ्याची माहिती चार वर्षं जुनी, आणि मुलाला नोकरी लागायची चार वर्षांनी. आठ वर्षांचा फरक पडला तर पंचांगसुद्धा कोणी उघडत नाही.

मग कोणीतरी थोरामोठ्यांचे दाखले देतो. सुंदर पिचाई खरगपूरला धातुशास्त्र शिकले. मनोहर पर्रीकर मुंबईच्या आय. आय. टी. त धातुशास्त्रच शिकले. एक गूगलचे प्रमुख झाले, दुसरे गोव्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे संरक्षणमंत्री. भट्टीपाशी कोणीच थांबलं नाही. अनिल काकोडकर १९६३ मध्ये व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल होऊन बाहेर पडले आणि अणुऊर्जेत गेले. तात्पर्य, शाखा कोणतीही घ्या, फरक पडत नाही! ऐकायला बरं वाटतं. पण लॉटरीच्या दुकानावर जिंकलेल्यांचेच फोटो लावलेले असतात. हरलेल्यांचे लावायला भिंत पुरणार नाही.

म्हणजे मुलाला कळत नाही, बापालाही कळत नाही आणि थोरांचे दाखले आपल्या मापाचे नाहीत. या बाबतीत घरात सज्ञान असा कोणीच नाही. मग निर्णयाचा अधिकार कोणाचा? तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात याचं उत्तर असेलही. मला ते शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर दिसलं.

त्या टेबलावर मी काही वर्षं होतो. एकदा एस. टी. तले एक कंडक्टर मुलीला घेऊन चौकशीला आले. फॉर्म अजून भरायचा होता, आणि बापलेकीचं भांडण अर्धवट राहिलेलं होतं.

''साहेब, तुम्हीच सांगा हिला. सिव्हिल घेणार म्हणतीय. उन्हातान्हात साइटवर हिंडणार का ही? कॉम्प्युटरला कसं, सावलीत काम. मी बावीस वर्षं उभ्यानं नोकरी केली, साहेब. हिनं बसून करावी, एवढंच माझं म्हणणं.''

मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, ''धरण आमच्या गावापासून आठ किलोमीटरवर आहे. आणि एप्रिलपासून गावात टँकर येतो. त्या मधल्या आठ किलोमीटरमध्ये काय होतं, ते मला बघायचंय.''

दोघांचंही मला पटलं. अशा वेळी बँकेचा माणूस नियमाकडे वळतो. मी व्याज सांगितलं. शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही, नंतर पंधरा वर्षांपर्यंत फेड, हे सांगितलं.

''सही कुणाची लागती?''

''मुलीचं वय?''

''सतरा पूर्ण. अठराला पाच महिने हायेत.''

''मग आता सही तुमची.''

''बघ!'' ते पोरीला म्हणाले. त्यांच्या दृष्टीने वाद मिटला होता.

''पण अठरा पूर्ण झाली, की तिच्याकडून एक पत्र घ्यावं लागतं,'' मी म्हटलं.

''कसलं पत्र?''

''वडिलांनी माझ्यासाठी जे कर्ज घेतलं, ते मला मान्य आहे, असं.''

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''अन् न्हाई म्हणाली तर?''

या प्रश्नाचं उत्तर आमच्या परिपत्रकात नाही. मी म्हटलं, ''हप्ते तिच्या पगारातून जायचेत ना, म्हणून विचारून ठेवायचं.''

बावीस वर्षांत त्या माणसाने लाखो लोकांना 'कुठं जायचंय?' विचारलं असेल. पोरीकडे वळून ते अवघडल्यासारखे झाले आणि म्हणाले, ''बरं, सांग. कुठं जायचंय तुला?''

तिने पुढे कोणती शाखा घेतली, ते मी सांगणार नाही. सांगितलं, की तुम्ही तिच्या पगारावरून ठरवणार कोण बरोबर होतं. आणि मुद्दा तो नाहीच.

दक्षिणेतल्या वैष्णव आचार्यांमध्ये एक जुना वाद आहे. देव भक्ताला तारतो तो कसा? एक पक्ष म्हणतो, मांजरीसारखा. पिल्लू काही करत नाही. मांजर त्याला मानगुटीला धरून नेईल तिकडे ते जातं. दुसरा पक्ष म्हणतो, माकडिणीसारखा. आई झेप घेते, पण पिल्लाने तिला स्वतःच्या हातांनी घट्ट धरावं लागतं. देवाचं मला माहीत नाही. पण जून महिन्यात आमचा मध्यमवर्ग कडवा मार्जारपंथी असतो. पोराचं मानगूट धरायचं आणि डोळे मिटून उडी मारायची.

मी माकडाच्या बाजूचा आहे. पोराला जास्त कळतं म्हणून नव्हे. चाळीस वर्षांचे हप्ते त्याला भरायचे आहेत म्हणून. बापाने त्याचं कर्ज फेडता येतं, त्याचे सोमवार भरता येत नाहीत. मग मोठ्यांनी करायचं काय? तर घरात पैसे किती आहेत ते खरं सांगायचं. ते काम करणाऱ्या एखाद्या माणसाकडे पोराला नेऊन त्याचा दिवस कसा जातो ते दाखवायचं. आणि उद्या निवड चुकली, तर 'मी तेव्हाच सांगितलं होतं' हे चार शब्द गिळायचे आणि पाठीशी उभं राहायचं. बँकेत याला जामीन राहणं म्हणतात. जामीनदाराने पैसे कसे खर्च करायचे ते सांगायचं नसतं, पण बुडाले तर पळूनही जायचं नसतं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड, म्हणून लोक पहिल्यापासून सल्ला देत बसतात. तो स्वस्त पडतो.

हे सगळं मी परवा आमच्या हेडकॅशिअरना डबा खाता खाता ऐकवलं. त्यांचा मुलगा यंदा बारावी झालाय. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, डबा बंद केला आणि म्हणाले, ''शंभर टक्के पटलं तुमचं. पण मग ब्रँच कोणती घेऊ, ते सांगितलंच नाहीत.''

''मुलाला विचारा की.''

''त्याला?'' ते म्हणाले, ''त्याला कशाला विचारायचं? तो काय, कॉलेजला जाणार!''