काळं केळं

दिल्लीच्या पहाडगंजात एक मराठी शाळा आहे. तिथे नववीत शिकणाऱ्या एका मुलाचे वडील मूळचे विट्याकडचे, करोलबागेत गलाईचं काम करणारे. सोनारांच्या कारखान्यांतला केर विकत घ्यायचा, जाळायचा, धुवायचा आणि तेजाब, मूस, भट्टी असं करत त्यातले सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा धंदा. सुट्टीत मुलगाही हाताखाली असे. वर्गात मात्र कुणी विचारलं की तो एवढंच सांगे, "बाबा सराफ्यात आहेत."

एक दिवस विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "उद्या प्रत्येक गटाने एक फळ आणा. त्यातला डीएनए आपण डोळ्यांनी बघू."

एका गटाने लालबुंद स्ट्रॉबेरी आणल्या. हा मुलगा फळ आणायचं विसरला होता. येताना केळीवाल्याने गाडीखाली टाकलेलं एक काळं केळं त्याने मागून घेतलं. वर्ग हसला.

"कचऱ्यातलं आणलंस?"

बाईंनी साल काढून पाहिली. "गर चांगला आहे. उलट कुस्करायला सोपा."

फळं कुस्करून झाली. त्यांत पाणी, चिमूटभर मीठ आणि भांड्यांच्या साबणाचे थेंब पडले. साबणाने पेशीची आणि तिच्या केंद्रकाची स्निग्ध आवरणं फुटतात, डीएनए मोकळा होतो. मिठामुळे त्याचे धागे एकमेकांजवळ येऊ शकतात. मिश्रण गाळून परीक्षानळ्यांत भरलं. आता वरून फ्रीजरमधलं गार स्पिरिट ओतायचं होतं.

स्ट्रॉबेरीवाल्यांनी ते भसकन ओतलं, वर काडीने ढवळलं. नळीत नुसतं गुलाबी गढूळ पाणी.

मुलाने नळी कलती धरली. तेजाबाची निवळ वेगळी करताना बाबा नेहमी बजावत, "धार कडेने सोड. खालचं हलता कामा नये." स्पिरिट काचेवरून उतरलं, वर वेगळा थर धरून राहिलं. थोड्या वेळाने दोन थरांच्या मधे पांढरट तंतू जमू लागले. बाईंनी ते काडीवर गुंडाळून वर काढले. "असंख्य पेशींतला डीएनए एकत्र आलाय, म्हणून दिसतोय. इतकं सावकाश ओतायला कुणी शिकवलं रे?"

मुलगा घुटमळला. मग म्हणाला, "बाबांनी. ते गलाईवाले आहेत. सोनारांचा केर धुतात."

या वेळी कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "हा पदार्थ सर्वांत आधी वेगळा केला फ्रीडरिश मीशर या तरुण स्विस संशोधकाने, १८६९ साली, जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये. कशातून, सांगा? जखमांवरच्या पुवाने भरलेल्या पट्ट्यांतून. दवाखान्याने टाकून दिलेल्या! आनुवंशिकता यातूनच चालते, याचा भक्कम पुरावा मिळायला १९४४ साल उजाडलं."

स्ट्रॉबेरीच्या गटाने पुन्हा मिश्रण केलं. मुलाने त्यांना नळी कशी धरायची ते दाखवलं. लागवडीच्या स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात. या खेपेला त्यांचा पुंजका केळ्याच्या पुंजक्याहून मोठा निघाला. पहिल्या वेळीही फळ हेच होतं, फक्त हाताला घाई होती.

बोध : घाईच्या हातून उत्तम मालही वाया जातो आणि धीराचा हात टाकलेल्यातूनही मोल काढतो. असा हात ज्या कामाने घडवला, ते काम लपवू नये, चारचौघांना शिकवावं.